भिंगरीच्या फाईलमधला शेरा

दि. १२, गुरुवार

चि. धाकटीस,

ताईचा आशीर्वाद. ठेवायचा की परत पाठवायचा, ते पत्र संपल्यावर ठरव.

आधी माझ्यावरचा घोर अन्याय ऐक. शाळेने मला खुर्ची दिली नाही. म्हणजे दिली, पण सहा वर्षांच्या मुलाच्या मापाची. बसले की गुडघे हनुवटीला, उठले की खुर्ची पाठोपाठ. तीन अर्ज झाले. उत्तर एकच, ‘विचाराधीन.’

खोलीही तशीच. परवापरवापर्यंत तिथे फुटके चेंडू होते, आता दारावर पाटी आहे, ‘इंग्रजी साहाय्य वर्ग’. घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांना आधी त्यांच्या भाषेत समजवायचं, मग इंग्रजीत. मोठ्या बाईंनी फीत कापून भाषण ठोकलं, ‘गप्प मूल म्हणजे मठ्ठ मूल नव्हे!’ मी टाळ्या वाजवल्या. वर्गाची प्रमुख मीच ना.

पहिल्याच दिवशी आपली भाषा बोलणारी एक मुलगी आली. शाळेत दाखल होऊन महिना झाला, पण तोंडातून शब्द नाही. म्हटलं, “काय गं, मूग गिळलेस का?” तिचे डोळे एवढे मोठे झाले. “तुम्हाला आपलं बोलता येतं?” मग काय, भावाच्या चोऱ्यांपासून शेजारणीच्या भांडणापर्यंत सगळं बाहेर. बोलता बोलता वीस गणितं सोडवली, एकही चुकलं नाही.

मी घरी येऊन जेवले नाही.

तुझ्या भिंगरीची शाळाप्रवेशाची चाचणी मी घेतली, हे तुला ठाऊक आहे. शेरा मात्र वरच्या कचेरीतून आला, असं मी सांगितलं होतं. वरून काहीही आलं नव्हतं. चाचणी फक्त इंग्रजीत घ्यायची, असा नियम होता. तुम्हाला इथे येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. पोरीने हळूच विचारलं, “मावशी, काय करायचं?” मी तोच प्रश्न पुन्हा इंग्रजीत वाचला. माझी नोकरी कायम व्हायला दोन महिने उरले होते. मग लिहिलं, ‘आकलन मंद. त्याच इयत्तेत ठेवावे.’

तू म्हणालीस, “जाऊ दे ताई, तुझ्या हातात काय होतं?” तेव्हा कपबशी होती. त्याआधी पेन होतं.

आता तिची फाईल मोठ्या शाळेत जायची. तिथे शेरे वाचून तुकड्या पाडतात. परवा तू फोनवर म्हणालीस, “तुझं शाळेत वजन आहे, बघ ना जरा.”

बघितलं. काल कारकुनाकडून फाईल मागितली. तो म्हणाला, “बाई, शेरा खोडता येत नाही हं.”

“खोडायचा नाही. खाली लिहायचंय.”

लिहिलं, ‘मुलीला इंग्रजी येत नव्हते. मला तिची भाषा येत होती, ती मी बोलले नाही. वरील शेरा चुकीचा आहे. चूक माझी.’ सही, हुद्दा, तारीख.

“मोठ्या बाई वाचतील,” कारकून पुटपुटला.

“वाचू देत. त्यांना येतं वाचता.”

तिचं गेलेलं वर्ष मला परत आणता येत नाही. फाईल आज दुपारी गेली. पोच सोबत जोडली आहे, जपून ठेव.

तिची परीक्षक,
आणि अजून चालत असेल तर,
तुझी ताई