ही नव्हे

उलानबातर,
१९ फेब्रुवारी २००६

ती. योंदोनदादास,
दुलमाचा शि. सा. न. वि. वि.

हिवाळा सुखाचा सरतोय ना? जनावरं तग धरून आहेत ना? नव्या वर्षाला वहिनीने बांधून दिलेले खिम्याचे बूझ इथवर पोचलेच नाहीत. बाद्राखची गाडी घाटात बंद पडली आणि गाडीतल्या सगळ्यांनी मिळून त्यांचा समाचार घेतला. एका परक्या माणसाने ढेकर देऊन वहिनीच्या हाताची तारीफ केली, तेवढी तिला पोचव.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. नदीच्या बर्फावर पोरं घसरत होती तेव्हा मी फोटो काढले होते, ते धुऊन आले. त्यातले तीन सोबत पाठवते. बाकीची पोरं प्रत्येक फोटोत वेगळ्याच जागी आहेत, कुणी पडलंय, कुणी दुसऱ्याला पाडतंय. एनेबिश मात्र तिन्हींत उकिडवी बसलेली आहे. गुडघे छातीशी, हनुवटी गुडघ्यांवर. तू म्हणाला होतास, तुझ्या लेकीला खडे वेचायचा नाद आहे. दादा, बर्फावर खडे कुठून येतील?

मी इथे लहान मुलांच्या दवाखान्यात काय करते ते तुला सांगितलं होतं, पण तेव्हा तुझं लक्ष खोगिराच्या वादीकडे होतं. काळजातच खोट घेऊन जन्मलेल्या पोरांचे फोटो मी काढते. डॉक्टर सोलोंगोबाईंना व्हरांड्यात हृदयाचे तक्ते लावायचे होते. मी म्हटलं, तक्त्यापाशी कोण थांबतं? मी प्रत्येक पोराला विचारते, तुझं काळीज कशासारखं आहे, ती वस्तू छातीशी धर. एकाने गळकी किटली धरली. एकीने झोपाळू कुत्र्याचं पिल्लू. लोक थांबतात, हसतात आणि मग खालच्या दोन ओळीही वाचतात: तुमच्या मुलाचे ओठ निळे पडतात का, खेळताखेळता ते मध्येच खाली बसतं का.

तुझ्या लेकीचे फोटो मी सोलोंगोबाईंना दाखवले. त्यांनी तिन्ही खिडकीशी नेऊन पाहिले. मग म्हणाल्या, काळजात खोट असलेली काही पोरं दम परत मिळवायला अशी बसतात. कुणी शिकवावं लागत नाही, अंगच शिकवतं. मेअखेरीस परदेशातून शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर येणार आहेत. त्याआधी तिला घेऊन ये. आणि यातला एक फोटो व्हरांड्यात लावू का, तेही कळव.

वहिनीस नमस्कार, त्या कुरूप कारटीला पापा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
दुलमा


तेसचं खोरं,
२० मार्च

चि. दुलमास,
योंदोनचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. शेळ्या विऊ लागल्या आहेत. सध्या आमच्या गेरच्या तंबूत माणसं कमी आणि करडं जास्त. उत्तराला उशीर झाला तो त्यामुळे.

पोर ठीक आहे. जरा हळू आहे, पण लहानपणी तू तरी कुठे वेगाची होतीस? तुला हाका मारूनमारून आईचा चहा निवायचा. ओठांचं म्हणशील, तर या वाऱ्यात माझेही निळे होतात. रोज दवाखान्यात बसणाऱ्याला सगळ्यांच्याच छातीत भोकं दिसायला लागतात.

फोटोचं मात्र स्पष्ट सांगतो. आधीची दोन पोरं गेली तेव्हा लामागुरू म्हणाले, या घरावर नजर आहे. म्हणून हिचं नाव एनेबिश, 'ही नव्हे' असं ठेवलं. नेणारा दारात आला आणि हीच का म्हणाला, तर उत्तर तयार असावं. सहा वर्षं आम्ही तिला मुलाचे कपडे घालतो, बाहेर नेताना नाकावर काजळी लावतो, वाटसरूने विचारलं तर आमची नव्हे म्हणतो. तू स्वतः तिला कुरूप म्हणतेस. आणि आता तूच तिचा चेहरा शेकडो परक्या डोळ्यांपुढे टांगणार? मग आम्ही इतकी वर्षं लपवलं काय?

 तुझे फोटो तुझ्या वहिनीने, हांदाने, देवांच्या पेटीवर ठेवलेत. तिन्ही पालथे.

रागावू नकोस. आठवण अशीच काढत जा, भिंतीवर न टांगता.

तुझा,
दादा


उलानबातर,
८ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आधी घरातली सगळी भांडी घासली, धुतलेलीसुद्धा. मग पलंगाखालचा जुन्या निगेटिव्हचा डबा काढला.

सोबत एकच फोटो आहे. तुझ्या ओचिरचा, तो गेला त्याच्या आदल्या उन्हाळ्यातला. तीन वर्षांचा होता. दारात उकिडवा बसलाय, गुडघे छातीशी. तू तेव्हा म्हणाला होतास, बघा, कसा म्हाताऱ्यासारखा बसतो. आपण सगळे हसलो होतो, मी सगळ्यात जास्त. त्याच्या बोटांची टोकं बघ, ढोलाच्या काठीसारखी फुगलेली आहेत. हा फोटो नदीवरच्या फोटोशेजारी ठेव. मग पोरीला उन्हात घे आणि तिची बोटं बघ.

भिंतीचं सोड. चेहरा नको तर नको, नाव नको तर नको, मी फोटोसाठी भांडत नाही. पण तिला घेऊन ये. सोलोंगोबाई म्हणतात, असली पोरं मोठी होतात तसे दम कोंडायचे झटके वाढतात, आणि एखाद्या झटक्यातून पोर परत येत नाही. डॉक्टर थोडेच दिवस असतील. पुन्हा कधी येतील, कुणीच सांगत नाही.

नजर असेलही, दादा. मी देवाधर्माला हसत नाही, तुला ठाऊक आहे. फक्त एवढंच, की तू तिला सगळ्यांपासून लपवतोस, त्यात सोलोंगोबाईही आल्या.

वहिनीला सांग, फोटो सुलटे कर. तिला कळेल. मी उद्धट बोलले असेन तर धाकटी म्हणून पोटात घाल.

दुलमा


तेसचं खोरं,
४ मे

चि. दुलमास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र हांदाच तुझ्या हातात ठेवेल, पोरीसकट. मी काय काय आणि कसं सांगू?

फोटो शेजारी ठेवले होते. बोटंही पाहिली होती. तरी बर्फ फुटू दे, शेळ्या विऊ देत, असं माझं चाललं होतं. परवा एक करडू सुटलं आणि ती त्याच्यामागे धावली. उतारावर बसली नाही, पडलीच. ओठ निळे नव्हेत, शाईसारखे. हांदाने तिला घोंगडीवर सरळ आडवं केलं, तर ती आणखी काळवंडली. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ते दोन फोटो आले. मी तिचे पाय दुमडून गुडघे छातीशी घट्ट धरले आणि तसाच बसून राहिलो. तारादेवीचा मंत्र म्हणत होतो, पण शब्द पुढचे मागे होत होते. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग रंग आला. डोळे उघडून तिने विचारलं काय, तर करडू सापडलं का.

लामागुरूंकडे गेलो. विचारलं, शहरात नेली, चारचौघांत तिचं नाव पुकारलं गेलं, तर आजवरचं लपवणं फुकट जाईल का? ते नव्या दातांनी हसले. म्हणाले, अरे योंदोन, हे दात बसवायला गेलो तेव्हा मी काय दातवाल्यापासून तोंड लपवलं? लपायचं ते नेणाऱ्यापासून. ठेवणाऱ्यापासून कसलं लपतोस? त्यांनी दिलेली निळी रेशमी पट्टी पोरीच्या गळ्यात आहे.

मला येता येत नाही. लोकर विंचरायची वेळ, आणि एवढा कळप कुणावर टाकू? हांदा शहराला फार बिचकते. रस्ता ओलांडताना तिचा हात धर. तुझा फोटो काढायचा तर काढ. चेहरा दिसू नये, नाव लिहू नये.

पोर तुझ्या ओटीत घातली आहे. जास्त लिहवत नाही.

दादा


उलानबातर,
२९ मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आधीच सांगते, पोर आत्ता माझ्या शेजारी दही खाते आहे. आता पुढचं वाच.

आल्याच्या आल्या मी तिचा फोटो काढला. तुझं काळीज कशासारखं आहे ते दाखव म्हटलं. ती म्हणाली, सांगायचं नसतं, ऐकलं तर ते येतील. मग जमिनीवर उकिडवी बसली, गुडघ्यांना दोन्ही हातांनी मिठी मारली, तोंड आत लपवलं आणि आतूनच म्हणाली, मी इथे धरून ठेवलंय. तोच काढला. चेहरा नाही, नाव नाही. फक्त पाठ, मिठी आणि गुडघ्यांवरची निळी नखं.

काल परदेशी डॉक्टरांची तपासणी होती. मी वरच्या मजल्यावर फोटो टांगत होते, सोलोंगोबाई आत होत्या. दारावर कुणी नवी परिचारिका होती. तिने पुकारलं, एनेबिश कोण. वहिनी उठली. परिचारिकेला हवी होती मुलगी. समोर मुलाच्या कपड्यातलं, कातरलेल्या केसांचं, नाकाला काजळी फासलेलं ध्यान. तिने बोट दाखवून विचारलं, ही का? आणि वहिनीच्या तोंडून सहा वर्षांच्या सवयीने निघालं, ही नव्हे. परिचारिकेने पुढचं नाव पुकारलं. शब्द तोच, म्हणून वहिनीला वाटलं आपण नाव सांगितलं, आता बोलावतील. ती दुपारपर्यंत तशीच हात जोडून बसून होती.

मी खाली आले तेव्हा शस्त्रक्रियेच्या सगळ्या जागा भरल्या होत्या. मी भांडले, रडले. सोलोंगोबाईंनी आत जाऊन विनवलं. उत्तर एकच, पुढच्या खेपेला. पुढची खेप कधी? कुणाला ठाऊक नाही.

संध्याकाळी डॉक्टर मुक्कामावर जायला निघाले. त्यांतल्या पिकल्या केसांच्या एक बाई व्हरांड्यातल्या त्या फोटोपाशी थांबल्या. गाडी खाली वाजत होती, त्या हलेनात. नखांवर बोट ठेवून त्यांनी दुभाष्याला विचारलं, हे मूल कुठे आहे, आज मी याला का पाहिलं नाही? व्हरांड्यात सगळे एकमेकांकडे बघायला लागले. वहिनी कोपऱ्यात होती. दुभाष्याने एनेबिशकडे बोट करून विचारलं, ही का ती? दादा, वहिनी पुढे झाली. तिने बाहीने पोरीच्या नाकावरची काजळी पुसली, तिला दोन्ही खांद्यांना धरून पुढे केलं आणि इतक्या मोठ्याने म्हणाली की जिन्यावरचे लोक वळले. हीच. ही माझीच.

बाईंनी आपला मुक्काम एक दिवस वाढवला आहे. परवा सकाळी शस्त्रक्रिया. सोलोंगोबाईंनी काही लपवलं नाही. म्हणाल्या, बहुतेक पोरं उठतात, सगळी नाही. वहिनीने कागदावर सही केली. 

तिकडे तू दिवा लाव.

दुलमा


तेसचं खोरं,
१० जून

चि. दुलमास आशीर्वाद.

तुझं २९ तारखेचं पत्र आज हाती आलं. म्हणजे जे व्हायचं ते होऊन गेलं आहे, आणि मला ठाऊक नाही. तालुक्याच्या टपाल कचेरीतला फोन महिनाभर मुका आहे. नदीला पाणी आहे, बाद्राखचा पत्ता नाही.

शेळ्या विंचरून झाल्या. पोरीचं करडू दिवसभर माझ्या पायात येतं. तिला हाक मारायची म्हणून मी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. दिवा रोज लावतो. काय मागायचं ते कळेना, म्हणून आता काही मागत नाही, नुसता समोर बसतो.

काल एक वाटसरू चहाला थांबला. दारातले छोटे बूट बघून म्हणाला, पोर तुमचं का? जीभ सवयीने उचलली गेली. मग वाटलं, आज नाही म्हणालो आणि तिकडे तेच खरं झालं तर? मी म्हटलं, माझीच. मुलगी आहे. सहा वर्षांची. नाव एनेबिश. शहरात गेली आहे, येईल. तो म्हणाला, छान. एवढंच. चहा पिऊन गेला. मी मात्र तो दिसेनासा होईपर्यंत बाहेर उभा होतो.

काय असेल ते लिही. जसं असेल तसं.

दादा


उलानबातर,
१६ जून

ती. दादास,

आहे! आहे, दादा! शि. सा. न. मागाहून घे.

मी पहिल्याच दिवशी चिठ्ठी पाठवली होती. आज कळलं, बाद्राख नदीच्या अलीकडे तंबू ठोकून मासे पकडतोय आणि चिठ्ठी त्याच्या खिशात आहे. भेटला की माझ्यातर्फे एक ठेवून दे.

सहा तास लागले. दुसऱ्या दिवशी आम्हाला आत सोडलं. वहिनी पोरीजवळ गेली, थबकली, रुमाल ओला केला आणि तिचे ओठ पुसायला लागली. पुसतेय, पुसतेय, चिडतेय. म्हणे, आजाऱ्याला कुणी लाली लावतं का? परिचारिका हसायला लागली. दादा, तो रंग तिचा होता. आपण तो कधी पाहिलाच नव्हता.

कारटी आता सगळ्यांना छातीवरचा व्रण दाखवत फिरते. तिने स्वतःहून मला सांगितलं, आता समोरून काढ. काढला. व्रण, चेहरा, पडलेला दात, सगळं आहे त्यात. आमचे फोटो नादामच्या जत्रेला तुमच्या तालुक्याच्या सभागृहात येणार आहेत. हा लावू की नको, ते तू ठरव. या वेळी मी एक शब्द बोलणार नाही.

दुलमा


तेसचं खोरं,
१८ जुलै

चि. दुलमास,
योंदोनचे अनेक आशीर्वाद.

फोटो लागला, हे तुला कळलंच असेल. मी स्वतः खिळा ठोकला. पाठमोरा आणि समोरचा, दोन्ही शेजारी शेजारी. पोर जत्रेत घोड्यांच्यामागे इतकी धावली की मीच खाली बसलो. लामागुरू तिला बघून म्हणाले, काय हे घाणेरडं ध्यान. मीही मोठ्याने दुजोरा दिला. उगाच कशाला जोखीम घ्या?

दुपारी वरच्या खोऱ्यातल्या एक आजीबाई त्या पाठमोऱ्या फोटोसमोर उभ्या राहिल्या. कुस्त्या सुरू झाल्या, सभागृह रिकामं झालं, त्या तिथेच. मी जवळ गेलो. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, हे पोर असं का बसलंय? मी सांगितलं. मग एनेबिशला हाक मारून समोर उभी केली. आजीबाईंनी तिच्या ओठांना बोट लावून पाहिलं आणि तिथेच जमिनीवर बसल्या.

हे पत्र त्याच घेऊन येत आहेत. सोबत नातू आहे, चार वर्षांचा. तोही असाच बसतो, त्याच्याही नाकावर काजळी. बाद्राखच्या गाडीत पुढची जागा मी भांडून मिळवली आहे. तू किंवा सोलोंगोबाई, कुणीतरी दारावर उभ्या राहा. नवख्या माणसावर सोडू नका. तुम्ही पोराकडे बोट दाखवून विचाराल, तेव्हा आजीबाई आधी म्हणतील, हा नव्हे, हा आमचा नव्हे.

ऐकू नकोस. तोच आहे.

तुझ्यावर लोभ होताच. आता थोडा धाकही वाटतो.

तुझा,
दादा