एक तारखेपासून बंद

१९ जून
आज जमलं. अष्टमीला सहा. ॲपनं भरती सहाची दाखवली आणि जयंता म्हणाला पाणी पण सहालाच भरलं होतं. तीन महिने डोकं फोडतोय त्याच्यावर.
जयंता नवापूरचा कोळी. पावसाळी बंदीत बोटी वर ओढल्या की दोन महिने आमच्या रंगाच्या कंपनीत पॅकिंगला येतो. बाकी वर्ष समुद्रावर. मी बारा महिने पॅकिंगलाच. परभणीकडचा माणूस, समुद्र पहिल्यांदा बोईसरला आल्यावर पाहिला. नववी नापास. कोड लिहायला फोनवर शिकलो, नंतर जुना लॅपटॉप घेतला, त्याचं एक बटण पेनाच्या टोपणानं दाबावं लागतं.
भरती-ओहोटीचं ॲप फुकट आहे, कोड सगळ्यांना उघडा, जगभरातली माणसं मिळून करतात. पण वेळ दाखवतं मुंबईची, आणि रेंज गेली की कोरं. नवापूरच्या खाडीच्या तोंडाशी वाळूची पट्टी आहे. पाणी पुरेसं नसलं की बोट टेकते. तिथं मुंबईची वेळ काय चाटायची?
माझं काम एवढंच: नवापूरची भरती, तिथीवरून, रेंज नसताना.

२२ जून
अनिकेतचा मेल सगळ्यांना. पुण्याचा, ॲपचं भारतातलं सगळं तोच बघतो. "फीचर फ्रीझ १ जुलै. रिलीज २५ ऑगस्ट."
जयंताला समजावलं. फ्रीझ झालं की नवीन काही घेत नाहीत, असलेलंच तपासत बसतात.
"म्हंजे आमची बंदी," तो म्हणाला. "तुमची कंच्या पुनवेला सुटते?"
२५ ऑगस्ट, म्हटलं. फार उशीर. बोटी नारळी पुनवेनंतर जातात. त्याच्या बापाचे गुडघे गेलेत, यंदा बोट जयंतावर. पट्टी ओलांडायची वेळ बाप काढायचा, हा नुसता दोरी धरायचा. आता वेळ यालाच काढायची.
म्हटलं, काळजी नको. माझं एकदा आत घेतलं की रिलीजच्या आधीचं कच्चं व्हर्जन मिळतं, बीटा. ते पुनवेआधी तुझ्या फोनवर टाकून देतो. शब्द दिला.

२८ जून
सलग चौथी डबल शिफ्ट. सुपरवायझर म्हणतो, "आदमी नहीं है, रुकना पड़ेगा." आदमी आहेत, गेटवर उभे असतात सकाळी. घ्यायचे नाहीत.
कोड तयार. पाठवताना वर लिहायची माहिती इंग्रजीत लागते, ती राहिली.

१ जुलै
फर्स्ट शिफ्ट. सुटलो, रूमवर आलो, अंघोळ न करता बसलो. इंग्रजी चार ओळी. संध्याकाळी सात वाजता पाठवलं. तारखेच्या आत.

२ जुलै
घेतलं नाही.
अनिकेतचं उत्तर: "छान काम आहे. पण फ्रीझ कालपासून लागू झालं. पुढच्या रिलीजमध्ये बघू. जानेवारी."
कालपासून. आमच्याकडं कुठल्याही फॉर्मला एक तारीख म्हणजे एक तारखेला खिडकी बंद होईपर्यंत. रेशनचं तसं, कॉलेजचं तसं, लाइटबिलाचं तसं. यांच्याकडं एक तारीख म्हणजे एक तारीख उजाडली की दार बंद. कुठं लिहिलंय? लिहिलंय म्हणे, नियमांच्या पानावर, इंग्रजीत, खाली.
एका दिवसानं सहा महिने.

३ जुलै
लिहिलं त्याला. मराठीत, मोकळं. माझी समजूत चुकली हे मान्य. पण एका दिवसाचा प्रश्न आहे आणि बोटी जानेवारीत नाही, ऑगस्टमध्ये जातात.
तो: "सुदाम, एकासाठी तारीख हलवली की सगळ्यांसाठी हलवावी लागते. तुम्ही समजून घ्या."
मी विचारलं, २५ ऑगस्ट कुणी ठरवली. तर म्हणे मतदान झालं. परदेशातल्यांच्या उन्हाळी सुट्ट्या संपायला हव्यात.
म्हणजे त्यांची सुट्टी बघून तारीख ठरते. दर्याची वेळ बघून भरतीच्या ॲपची तारीख ठरत नाही. वा रे शहाणे.
जेवलो नाही. रूमवाले म्हणाले, पोरीचं लफडं आहे का. हो म्हटलं.

११ जुलै
साप्ताहिक सुट्टी. बोईसरहून शेअर रिक्षा, नवापूर. जयंताच्या घरी. त्याचा बाप, नाखवा, ओट्यावर, पाय लांब करून, जाळं विणत. न बघता विणतो.
जयंता बोलून बसला होता सगळीकडं. चार बोटवाले आलेले. कधी येतंय तुझं ते?
मी सांगितलं, एक दिवस उशीर झाला, जानेवारीत येईल.
एकजण म्हणाला, "घाट्यानं समुद्राचा टाइम सांगायचा, तवाच मी बोललो." हसले. जयंता हसला नाही, खाली बघत होता.
नाखवा मात्र म्हणाला, "बस, पोरा." बोटांच्या पेरांवर दाखवलं. आज प्रतिपदा, म्हणजे तिथी एक, तिची पाऊणपट केली की पाऊण. भरती पाऊण वाजता. "मला पाऊणकीचा पाढा येतो. सही येत नाय."
हेच मी कोडमध्ये घातलंय. त्याच्याच पोरानं गेल्या बंदीत मला सांगितलं होतं. त्या चौघांना हे ओरडून सांगावंसं वाटलं. चहा पिऊन निघालो.

१३ जुलै
ठरलं. कोड सगळ्यांना उघडा आहे ना? मग कुणाच्या बापाची परवानगी नको. आहे ते ॲप घेतो, माझं त्यात घालतो, स्वतःच बाहेर काढतो. माझी रिलीज, माझी तारीख. पुनवेच्या आधी.
फ्रीझ बिझ काही नाही.

१९ जुलै
निघालं. बटण तुटलेल्या लॅपटॉपवरून. नाव ठेवलं "नवापूर भरती". स्टेशनबाहेरच्या टपरीवर जयंताच्या फोनमध्ये टाकलं. त्यानं एरोप्लेन मोड लावून पाहिलं, तरी वेळ दिसतेय. दोनदा काढून घालून पाहिलं.
"च्यायला," म्हणाला. चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

२४ जुलै
बावीस जणांच्या फोनमध्ये गेलं. जयंता रोज खाडीवर जाऊन पाणी आणि ॲप ताडून बघतो. रोज जुळतं. तो चौघांतला टोमणा मारणारा, त्याचा पण फोन आला, "आमच्या शिरगावच्या मेव्हण्याला पाठवू काय?" पाठवा म्हटलं.
अनिकेतला मुद्दाम कळवलं. "तुमच्या जानेवारीची वाट बघितली नाही. बावीस जण वापरत आहेत." शेवटी "आपला नम्र" लिहिलं, म्हणजे अजून झोंबेल.
उत्तर नाही.

३ ऑगस्ट
उत्तर आलं. वाचून कानशिलं तापली.
त्यानं माझं सगळं उतरवून घेतलं आणि वर्षभराच्या तारखा एकेक करून तपासल्या. कुणी सांगितलं नव्हतं. लिहितो: "एक अडचण दिसते. १५ ऑगस्ट बघा."
बघितलं. १४ ला पंचमी, १५ ला एकदम सप्तमी. मधली षष्ठी कॅलेंडरवर नाहीच, तिचा क्षय आहे. माझं ॲप तिथी बघतं आणि पाऊणपट करतं. पंचमीला पावणेचार, दुसऱ्या दिवशी सव्वापाच. पण पाणी काय कॅलेंडर बघून उडी मारतं? ते रोज सरकतं तेवढंच सरकणार, साडेचारच्या आसपास. म्हणजे पाऊण तास खोटा. आणि सप्तमी-अष्टमीचं पाणी आधीच उथळ, भरलेली बोट पट्टीवरून जायची तर अगदी टोकाची वेळ गाठावी लागते.
खाली त्याची ओळ: "असं काही सापडावं म्हणूनच फ्रीझनंतर आठ आठवडे ठेवतो."
वर हे पण ऐकायचं.

४ ऑगस्ट
नाखव्याला फोन. तिथीचा क्षय असला तर काय करता?
"त्या दिशी बोटं मोजायची नाय. पाणी बघायचं."
हे आधी का नाही सांगितलं?
"तू कवा विचारलंस?"
नाही विचारलं. जयंताकडून अर्धं ऐकलं आणि मला सगळं आलं असं वाटलं. अनिकेतवर तोंड सोडत होतो तेवढ्या वेळात एकदा ओट्यावर बसून विचारलं असतं तर. राग येतो, कुणाचा ते धड ठरत नाही.

५ ऑगस्ट
बावीस जणांना मेसेज: ॲप काढून टाका. नीट करून देतो, पण ते तपासल्याशिवाय देणार नाही.
पंधरा जणांनी अंगठा दाखवला. अंगठा म्हणजे काढलं की वाचलं, देव जाणे. शिरगावच्या मेव्हण्यानं पुढं किती जणांना दिलं ते त्यालाच आठवत नाही. पाठवणं एका बोटाचं काम. परत बोलवायला काही नाही, मी तसं काही ठेवलंच नव्हतं.

६ ऑगस्ट
लंचमध्ये जयंताशी भांडण. कंपनीतला त्याचा शेवटचा दिवस.
"पंधरा दिस पाण्यावर लावून पायला मी. रोज बरोबर."
पंधरा दिवसांत क्षय आला नव्हता, मी म्हणालो.
"मंग आता तू बी बंदी लावतंस? तो पुण्याचा न् तू, सारखेच झाले."
एका दिवसापुरतं तरी त्याच्यावर जाऊ नको.
"बाबाच्या पुढं पयल्यांदा मी बोट काढतोय. चार मानसं बगतायत. आमी काय दर तासाला बापाला फोन लावू?"
फोन मागितला, मी काढून टाकतो म्हटलं. दिला नाही. मी हिसकायला गेलो. बॉक्स पडले. सुपरवायझर आला. जयंताचा तसाही हिशोब झाला होता, तो निघून गेला. माझा अर्धा दिवस कापला.
त्याला काय बोलणार. तपासल्याशिवाय नवीन देणार नाही म्हणतो मी, आणि तीन तारखेला रात्रभर मीच म्हणत होतो की तपासायचं काय त्यात.

९ ऑगस्ट
नारळी पुनव. गेलो नाही. फोटो आले. बोटीला नवा रंग, नाखवा खुर्चीवर, जयंताच्या हातात सोन्याचा कागद लावलेला नारळ.
दुरुस्ती केली. अनिकेतला पाठवली. म्हणाला, बघतो. दोन तासांत सात चुका दाखवल्या. सातही खऱ्या.

१२ ऑगस्ट
जयंताची बोट गेली. नाखव्यानं फोनवर सांगितलं. पंधराला दुपारी परत. मुद्दाम पंधरा, झेंड्याच्या दिवशी गिऱ्हाईक असतं.
मी विचारलं, जयंता कशावर वेळ बघणार?
"त्याला ठाऊक. बोट त्याची हाय आता."
नाखव्याला सगळं सांगितलं. षष्ठी, सव्वापाच, माझी चूक. पहिल्यापासून. तो म्हणाला, "तू ये पंधराला."
जयंताचा फोन लागत नाही. वायरलेसवाली मोठी बोट त्याच्या बाजूला गेलेली नाही.

१३ ऑगस्ट
अनिकेतला विचारलं, तुमच्याकडं असं कधी झालंय का. म्हणाला, एकदा. त्यानंतर फ्रीझ आलं. कोण, काय, ते सांगितलं नाही.
मला त्याच्याशी भांडायचं होतं. विषय सापडेना.

१५ ऑगस्ट
कंपनीत झेंडा, एक लाडू, सुट्टी. दोनला नवापूर.
फोनमध्येच लिहितोय. खाडीच्या तोंडाशी उभा.
नाखव्याला दोघांनी उचलून इथं आणलं. खुंटाला एक जुनी चिंधी बांधलीय, ती पाण्याबाहेर आली की भरलेली बोट पट्टीवरून जात नाही, तो तिच्याकडं बघतो. साडेचारला म्हणाला, "भरलं." पावणेपाचला, "फिरलं."
मला विचारलं, तुझं यंत्र काय बोलतं. सव्वापाच, मी म्हणालो. तो परत चिंधीकडं बघायला लागला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

४.५५. तीन बोटी बाहेरच नांगर टाकून थांबल्यात. त्या पाणी बघणाऱ्या. चौथी येतेय, सरळ. नवा रंग. खोल बसलीय, माल भरपूर असणार.
नाखवा म्हणाला, थांबवा तिला, रात्रीच्या पाण्यावर घेऊ. दोघंजण पट्टीवर छातीभर पाण्यात गेलेत, माझा लाल शर्ट काठीला बांधून हलवतायत. मी पण उतरत होतो, नाखव्यानं हात धरला. "तुला पवता येत नाय."

५.०४. चिंधी उघडी पडली. बोटीचा वेग कमी झाला की मला वाटतंय तसं? जयंता पुढं नाळीवर उभा. दिसतोय स्पष्ट. मान खाली. पाण्याकडं बघतोय की हातातल्या फोनकडं, इथून कळत नाही.