हेपूला येण्याआधी एक अट

प्रिय देमाओ,

तुझं पत्र मिळालं. दोघांचेही जोडीदार गेले, आता वेगवेगळं कशाला राहायचं, हेपूला माझ्याकडेच राहायला येशील का, असं विचारलंस. आणि मागणी घालतानाही टोमणा सोडला नाहीस : "शेवटी तुमचं बेइहाय म्हणजे आमच्या तालुक्यातलं एक बंदर!" सत्तरी आली तरी शाळेतली खोड गेली नाही तुझी. एके काळी आम्ही तुमच्या हाताखाली होतो, कबूल. पण आता तुमचं हेपू आमच्या शहराच्या हाताखाली आहे, हे तू सोयीस्कर विसरतोस. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे.

मला स्वतःला या गोष्टींचं कधी फार वाटलं नाही. बंदराचं तोंड उत्तरेला, म्हणून देशाच्या दक्षिण टोकाला असूनही गावाचं नाव बेइहाय, म्हणजे उत्तरेचा समुद्र. तिथे कारभार तरी सरळ कुठून असणार? मी जन्मले तेव्हा आम्ही ग्वांगदोंग प्रांतात होतो. चालायला लागले तोवर ग्वांगशीत. शाळेत घातलं तेव्हा पुन्हा ग्वांगदोंग. तू मामाकडे राहून आमच्या वर्गात होतास, त्या वर्षी आपण प्रांताचा नकाशा घोकून घोकून पाठ केला आणि उन्हाळ्यात प्रांतच बदलला. गुरुजी म्हणाले, "खोडा आणि गप्प बसा." आई विचारायची, "आज आपण कोणाचे गं?" आणि वाळूतल्या खेकड्यांची चटणी कुटत राहायची.

परवा घरात सांगितलं. सून म्हणाली, "आई, या वयात? लोक काय म्हणतील?" आणि पाठोपाठ, "म्हणजे तुमची खोली पोराला अभ्यासाला होईल." ती वाईट नाही, व्यवहारी आहे. मुलगा खाली मान घालून जेवत होता. शेवटी एवढंच बोलला, "आणि बाबा?"

त्याच्या बाबांना, आ-शुईला, जाऊन नऊ वर्षं झाली. अर्धं आयुष्य तो मासेमारीच्या बोटीवर होता. माझ्याशी कमीच बोलला, पण माणूस चांगला होता. त्याच्या थडग्याच्या दगडावर त्याच्या नावाशेजारी माझंही नाव कोरलंय, मी जिवंत आहे म्हणून लाल रंगात. दर छिंगमिंगला, पितरांच्या सणाला, थडगं झाडून झालं की मुलगा ब्रश घेऊन तो उडालेला रंग पुन्हा भरतो. मी बाजूला उभी राहून बघते.

तेव्हा नीट ऐक. मी येते. शरदातली पौर्णिमा इथे नातवाबरोबर करीन आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं निघेन, सुकवलेली माकुळं घेऊन. तुझ्या घरी राहीन, तुला रांधून घालीन, तुझे टोमणेही ऐकेन. पण मेल्यावर मला हेपूत ठेवायचं नाही. आ-शुईशेजारी आणून ठेवायचं, आणि तू मागे उरलास तर माझ्या मुलाबरोबर उभं राहून ते तूच करायचं. तुझ्या बायकोशेजारची जागा मी मागत नाही, तशी माझी तू मागू नकोस. हे कबूल असेल तरच मला उतरवून घ्यायला स्टँडवर ये. नसेल तर येऊ नकोस. मी परतीच्या बसमध्ये बसेन. रागावणार नाही. रडेन मात्र.

जिवंत आहे तोवर तुझीच,
श्यूइंग