जोरानं बोलत जायची वाट

माय, आज वावरात जाताना मी पुन्हा तुह्याशी जोरानं बोलत गेली.

सवय तुहीच. पहाटे मोहफुलं वेचायले जंगलात निघालो का तू मले गप्प राहू देत नव्हती. मी अर्धी झोपेत, तुह्या पदराले धरून चालून राह्यली, अन् तू झाडायले ऐकू जाईन अशा आवाजात घरचं सांगत चालली. भाजी खारट झाली, शेजारणीनं विळा नेला तो आणूनच दिला नाही. "बोल वं, मुकी होऊन चालू नोको. माणूस येऊन राह्यला हे त्याले समजू दे, तो आपल्या वाटंनं जाते." वाघाचं नाव तू कधी घेतलं नाही.

मंग आपणच उतारावरची झाडं तोडत गेलो, पार धुऱ्यापर्यंत, वावराच्या बांधापर्यंत, कापसाची पऱ्हाटी लावली. तू गेली तवा तिथं सावलीले एक झाड नव्हतं, अन् वाटेनं बोलायचं कारणही उरलं नव्हतं.

त्याच उतारावर मी तुरीच्या मधामधात सीताफळ अन् आवळा लावला, धुऱ्यावर बांबू अन् मोह. तुह्या जावयानं कपाळावर हात मारला. "वावरात कोणी जंगल पेरते का?" आता सीताफळाच्या टोपल्या तोच घाटंजीच्या बाजारात नेते अन् भाव सांगताना मिशीतल्या मिशीत हसते. सकाळी धुकं बांबूत अडकून राह्यते. पायाखाली माती मऊ लागते, अन् मले वाटते तू पुढंच चालून राह्यली, त्या वळणाआड.

या हिवाळ्यात धुऱ्यावर पंजे उमटले. शेजाऱ्याची बकरी गेली. जावई म्हणे, "सारं तोडून टाकू. लेकरं याच वाटंनं शाळेत जातेत." त्याचं काय चुकलं, माय? पण तो उतार पुन्हा उघडाबोडका पाहायची माही हिंमत नव्हती. लय भांडलो आम्ही. शेवटी वाटेकडचा बांबू दोघांनी मिळून तोडला, लांबून दिसलं पाह्यजे एवढा. लेकरं आता वरच्या सडकेनं जातेत. मोह राहू दिला. अजून फुलला नाही तो.

हे धाडायचं नाही, धाडू तरी कुठं? एक सांगते फक्त. वरची सडक मलेही सांगितली आहे. जावई रोज बजावते, मी हो म्हणते अन् खालच्या वाटंनंच जाते. घरात तुह्याशी मोठ्यानं बोलली तर लोकं पागल म्हणतीन. तिथं कोणी काही म्हणत नाही.