सीटखालची लाल वायर

सांडोर, वसई
जानेवारी १९९९

प्रिय क्लिफ,

बहारीनहून तुझा फोन आला तेव्हा ‘विचार करून सांगते’ एवढंच म्हणून मी ठेवला. फोनवर माझं नेहमीच अर्धं राहतं, म्हणून लिहिते. आधी बातमी. पपांचा ट्रक सुरू झाला, आणि आता तो सुरूच राहील, हे मी खात्रीने सांगते.

लष्करातून निवृत्त होऊन पपांनी तिथल्याच लिलावातून तो आणला तेव्हा तू शाळेत होतास. मागच्या फळीवर उभा राहून चर्चपर्यंत ओरडत गेला होतास! गेल्या पावसाळ्यापासून मात्र बॅटरी सारखी उतरायची. पीटर इलेक्ट्रिशियनने डायनामो खोलला, रेग्युलेटर बदलला, शेवटी नव्या बॅटऱ्यांची जोडी बसवली. तरी तेच. पपा एकच धरून बसले होते, “डायनामो चांगला आहे, दोघींतली एक उपाशी राहते.” पीटर हसायचा, “अंकल, दोघी एकाच ताटात जेवतात, एकच उपाशी कशी?” तूही हसलास. मोठ्या बहिणीलाच समजवावं तसं “बाय, पपा आता काहीही बोलतात,” म्हणालास, आणि त्याच फोनमध्ये पपांना नायगावच्या फ्लॅटमध्ये हलवायचा आणि ट्रक मोडीत काढायचा विषय निघाला.

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मीटर आणला. इंजिन चालू ठेवून दोन्ही बॅटऱ्या मिळून मोजल्या: अठ्ठावीस व्होल्ट. म्हणजे डायनामो ठणठणीत. मग एकेक वेगळी मोजली; दोघींवर चौदा-चौदा यायला हवे होते. एकीवर पंधराच्या वर, दुसरीवर जेमतेम तेरा. मला इतका आनंद झाला की माझाच मला संशय आला. पपा खरे ठरावेत म्हणून तर मी आकडे वाचत नाही ना? म्हणून दोन्ही पुन्हा भरून घेतल्या, जागांची अदलाबदल केली, शनिवारी ट्रक एका लग्नाच्या मांडवाला जाऊन आला आणि रविवारच्या मिस्सानंतर परत मोजलं. आता दुसरी उपाशी! दोष बॅटरीत नव्हताच, त्या जागेत होता. तिथून एक लाल वायर सीटखाली गेलेली सापडली.

आपल्याकडे लग्नात मांडवाचे केळीचे खांब आणायचे तर पपांचाच ट्रक, आणि वर गाणी वाजलीच पाहिजेत. ट्रक दोन बॅटऱ्या मिळून चोवीस व्होल्टचा, लाऊडस्पीकर बाराचा. म्हणून कुणीतरी एकाच बॅटरीवरून वायर ओढली होती. गाणी तिच्या जिवावर वाजायची, भरताना मात्र दोघींना सारखंच मिळायचं. तिची तूट कधी भरून निघायचीच नाही, आणि भरलेली दुसरी उकळत राहायची.

वायर पाहून पपा भडकले. “कुणा गाढवाने केलं हे?” जोडावर मेणाचा दोरा लष्करी पद्धतीने गुंडाळलेला होता. त्यांनी तो बोटांनी चाचपला, बराच वेळ. “गाठ माझीच आहे गो,” म्हणाले. गेल्या मेमध्ये शेजारच्या ज्युलियसच्या मुलीच्या लग्नात त्यांनीच ती जोडली होती, हे ज्युलियसने मागाहून सांगितलं; त्यांना त्यातलं काहीच आठवत नाही. पण लगेच पीटरला म्हणाले, “काढ ती. लाऊडस्पीकरला वेगळी बॅटरी ठेवायची. आणि तू दात काढू नकोस, तूही सहा महिने सीटखाली बघितलं नाहीस.” पीटर इतका हसला की पकड हातातून पडली.

गाठीचं तुला सांगितलं नसतं तर माझं म्हणणं जास्त पटलं असतं, हे मला कळतं. पण तुझ्याशी अर्धं खरं बोलून मला जिंकायचं नाही. पपा विसरतात. परवा त्यांनी मला ममाच्या नावाने हाक मारली. ट्रक आता पीटर चालवील, पपा शेजारी बसून त्याच्या चुका काढतील. पण विसरणारा माणूस विचारही करू शकतो, हे मी मोजून पाहिलंय. नायगावच्या चौथ्या मजल्यावर त्यांनी काय विचार करायचा? मी आणि तुझे भावोजी फेबियन भुईगावचं आमचं घर भाड्याने देऊन ईस्टरच्या आत इथे पपांपाशी राहायला येतोय. तुझी परवानगी मागत नाहीये, क्लिफ. फ्लॅटवाल्याला ‘नाही’ म्हणून कळव.

तुझीच बाय,
क्लेमेंटीन