बासरीवाल्यांचं ‘अहाहा’

दि. ९ फेब्रुवारी, सोमवार दुपार

ताई,

साष्टांग नमस्कार. एरवी नुसतं लिहायचं म्हणून लिहितो. या वेळी खरोखर आडवा झालो असतो, पण स्टुडिओची फरशी तुला माहीतच आहे, सगळीकडे वायरी.

इकडे सगळे मजेत. हिचा गुडघा बरा आहे, जिना आता दोन दमांत चढते. माझ्यासाठी नवी खुर्ची आली. ती एवढी करकरते की रेकॉर्डिंग चालू असलं की गाणाऱ्याआधी मीच श्वास रोखून बसतो. भावोजींची शिंक कशी आहे? अजून तुझ्या दुकानातल्या सुया उडतात का?

फोन का नाही केला, म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मग मीही हवामानावर घसरतो. पत्रात तुला मधेच तोडता येणार नाही. फाडता येईल. फाड, पण शेवटपर्यंत वाचून फाड.

तुझं मागचं पत्र चारदा वाचलं. ‘चिमणीचाही आवाज वर गेला की चिरायला लागलाय. माझ्या गळ्याचं झालं ते पोरीच्या गळ्याचं नको. वीस तारखेला घशाच्या डॉक्टरांकडे नेते आणि गाणं बंदच करून टाकते.’ हे वाचल्यापासून मला घास गोड लागेना. रोज लिहायला बसायचो आणि रोज काहीतरी काम निघायचं. म्हणजे मीच काढायचो.

त्यात गुरुवारी तुझी लेकच इथे येऊन थडकली. मैत्रिणीकडे जाते सांगून दोन तास बसमधून आली. तिला रागावू नकोस, रागवायला पुढे दुसरा माणूस आहे. चिमणी कसली आता, माझ्याहून बोटभर उंच झालीये! म्हणाली, “मामा, गाणं बंद व्हायच्या आत माझं एक रेकॉर्ड करून ठेव.” केलं. वर जाताना आवाज चिरला. हुबेहूब तुझा, आणि त्याच जागी. झाल्यावर काचेपलीकडून म्हणते कशी, “आता नीट कर ना. आईच्या रेकॉर्डसारखा. बिघडायच्या आधी आईचा होता तसा.”

मी चहा करायला म्हणून उठलो आणि चहाची पूड न घालताच दूध-पाणी उकळत ठेवलं.

ताई, माझं हल्लीचं काम काय आहे ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. लोक येतात, गातात, जातात. मग मी त्यांचे सूर सरळ करतो. घसरलेला उचलतो, चढलेला खाली बसवतो, श्वास कापून टाकतो. बाहेर पडतात ते सगळे परीटघडीचे आवाज. मी शुद्ध सुराला नावं ठेवत नाही हां. एक बाई येतात, त्यांना माझी काडीचीही गरज लागत नाही, सूर जिथे हवा तिथेच. त्यामागे मेहनत आहे, मान्य. पण त्या गेल्यावर मी कप विसळून येईपर्यंत त्या काय गायल्या हे माझ्या लक्षात नसतं. तुझं तसं नव्हतं. लहानपणी तू शेजारच्या खोलीत गुणगुणलीस तरी अख्ख्या घराला कळायचं. तुझा आवाज खालून खरखरीत, वर गेला की मधोमध चिरणारा. मी ‘घोगरी’ म्हणून चिडवायचो आणि तू फूटपट्टी घेऊन मागे लागायचीस. बारा वर्षांत तो शब्द मी तोंडातून काढलेला नाही. तुला वाटलं असेल, शहाणा झाला.

शहाणा कसला. आता लिहूनच टाकतो. तुझा आवाज कधी बिघडलाच नव्हता.

त्या रेकॉर्डवरचा आवाज मी सरळ केलेला आहे. नोकरीला तीनच महिने झाले होते. मालक म्हणाले, “गाते छान, पण वर फाटतंय. काढून टाक.” नवं यंत्र हाताशी होतं, मलाही मिरवायचं होतं. एकेचाळीस जागी तुझा आवाज कापला, ताणला, बसवला. तुला सांगायचं राहून गेलं, असं मी स्वतःला समजावत आलो. राहून काही गेलं नव्हतं. तू ते ऐकलंस, माझा दंड घट्ट धरलास आणि म्हणालीस, “अरे, मी अशी गाते?” एवढी खूश झालेली तू! त्यानंतर माझी जीभ उचललीच नाही.

मग तो सभागृहातला कार्यक्रम. तुझा आवाज नेहमीच्या जागी नेहमीसारखाच चिरला. पण महिनाभर तू ते रेकॉर्ड लावून लावून त्याच्याच मापाने गात होतीस. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “रेकॉर्डवर वेगळीच वाटते,” आणि ते नेमकं तुला ऐकू गेलं. परत येताना गाडीत तू मला विचारलंस, “रेकॉर्डिंगच्या वेळी तर स्वच्छ लागला होता ना रे?” मी म्हणालो, “अगदी स्वच्छ. हवामानाचा परिणाम असेल.”

हे वाक्य मला अजून ऐकू येतं. तू डॉक्टर केलेस, वाफारे घेतलेस, सहा महिने पाटीवर लिहून बोललीस. मग गाणं सोडलंस. मी एका वाक्यात हे थांबवू शकलो असतो. नाही थांबवलं. घाबरलो होतो, दुसरं काही कारण नाही.

सोबत पेनड्राइव्ह आहे. त्यात दोन गाणी. दुसरं ते सगळ्यांनी ऐकलेलं. पहिलं मूळचं, मी कपाटात ठेवलेलं. दुसऱ्या अंतऱ्यात तू वर जातेस आणि आवाज चिरतो, तिथे जरा कान दे. मागे हळूच ‘अहाहा’ ऐकू येईल. ते आपले म्हातारे बासरीवाले काका. बासरी मांडीवर ठेवून पुढच्या जागेची वाट बघत होते, त्यांच्या तोंडून निघून गेलं ते माइकमध्ये आलं. मी तेही पुसलं होतं.

चिमणीचं गाणं मी सरळ केलेलं नाही. तिला खरं काय ते सांगितलेलंही नाही, ते आधी तुला कळायला हवं होतं. वीस तारखेच्या आत ऐक एवढंच मागतो. मग मला काय म्हणायचं ते म्हण, माझी ऐकायची तयारी आहे.

तुझा,
धाकटा

*

दि. १६ फेब्रुवारी

गाढवा,

आशीर्वाद नंतर.

पत्र वाचलं आणि एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही उलटी शिवली. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. माझ्याकडे उतरत्या खांद्याचा माणूस येतो तेव्हा मी त्याला तोंडावर सांगते, बाबा रे, तुझा हा खांदा उतरता आहे, आत जरा कापूस घालते. न सांगता घातला तर तो दुसऱ्याचा कोट चढवून बघेल आणि म्हणेल, माझं अंगच बिघडलं. तू माझ्या गळ्यात कापूस घातलास आणि बारा वर्षं तोंड शिवून बसलास. बारा वर्षं! एवढ्या वर्षांत मी साधं आईस्क्रीम खाल्लं नाही रे. उन्हाळ्यातसुद्धा मफलर. पोरीला हाक मारायची तर टाळ्या वाजवायच्या. आणि लेकीच्या आवाजाला तडा गेला तर तो माझ्याकडूनच गेला, म्हणून देवासमोर रडले ते वेगळंच.

दोन दिवस मी ह्यांच्याशीही बोलले नाही. त्यांचा काय दोष, बिचारे शिंकायलाही अंगणात जात होते.

तिसऱ्या दिवशी दुकान लवकर बंद केलं आणि आम्ही तिघं ऐकायला बसलो. मूळचं आधी. ती जागा आली, आवाज चिरला, आणि मागून काकांचं ‘अहाहा’. त्या दिवशी मी काचेच्या खोलीत होते, कानाला हेडफोन, त्यात माझाच आवाज, मला कसं ऐकू येणार? चिमणी म्हणाली, “परत लाव.” परत लावलं. चौथ्यांदा लावलं तेव्हा मी माझं गाणं ऐकतच नव्हते, नुसती काकांची वाट बघत होते. ते ‘अहाहा’ माझं होतं रे. काका गेलेसुद्धा, आणि ते तुझ्या कपाटात पडून.

मग तुझं ते सरळ केलेलं लावलं. चांगलं आहे, खोटं कशाला बोलू? कुणीतरी गुणी मुलगी गातेय. अर्ध्यावर ह्यांनी विचारलं, “बंद करू का?” आम्ही दोघी एकदम हो म्हणालो.

चिमणी माझ्याकडे वळली. मग म्हणाली, “म्हणजे आई, हा असाच आहे? आपला?” मी म्हटलं, असाच आहे. पोरीने मला जी मिठी मारली, माझ्या गळ्यातली मापाची टेप तिच्या केसांत अडकली. वीस तारखेची वेळ रद्द केली. फोनवरची बाई विचारत होती, बरं वाटतंय का आता. म्हटलं, काही झालंच नव्हतं. हे वाक्य बोलताना मला इतकं हलकं वाटलं की त्या अनोळखी बाईला मी तीनदा ऐकवलं.

काल दुपारी दुकानात कुणी नव्हतं. मशीन थांबवलं आणि तो अंतरा म्हणून बघितला. दम पुरत नाही, शब्द विसरलेत, गंज चढलाय. पण वर गेले आणि चिरला. अगदी तिथेच! मी कपड्यांच्या ढिगावर बसून आधी हसले आणि मग रडले. काही हरवलं नव्हतं रे. इतकी वर्षं सापडत नाही म्हणून मी शोधत होते, आणि ते माझ्या गळ्यातच होतं.

माफ केलं असं मी लिहिणार नाही. कागदावर ते फार सोपं होतं. रविवारी ये. ते यंत्र घरी ठेवून ये. समोर बसायचं, आम्ही मायलेकी गाऊ, आणि जिथे चिरेल तिथे हूं की चूं न करता ऐकायचं. तोंडून आपोआप काही निघालं तर मात्र दाबायचं नाही. येताना आईस्क्रीम आण, मोठा डबा.

आणि तो शब्द पुन्हा काढलास तरी चालेल. फूटपट्टी अजून आहे.

तुझी,
घोगरी