दुसऱ्या बोर्डाची बाई

२ नोव्हेंबर १९७२, गुरुवार

बेलापूरला उतरले तेव्हा कारखान्याचा टेम्पो उभाच होता. एक पेटी, एक वळकटी आणि नवऱ्याचा, गिदोनचा फोटो, एवढाच संसार. खोली छान आहे. खिडकीतून कारखान्याची चिमणी दिसते, वाऱ्यावर मळीचा आंबूस वास येतो. दुष्काळानं यंदा ऊस थोडा, तरी बॉयलर पेटला म्हणून सगळे खुशीत आहेत. मीही. गिदोन गेल्यावर दोन वर्षं भावाकडे काढली. आज स्वतःच्या स्टोव्हवर चहा केला आणि दोन कप प्याले.

टेलिफोनच्या खोलीत बन्सीभाऊ भेटले. रात्रपाळी त्यांची, सकाळी सात ते संध्याकाळी सात माझी. चाळीस लाइनींचा बोर्ड आहे. कुणी फोन उचलला की त्याची झडप पडते, दोरी खुपसून हवा तो फोन जोडून द्यायचा. हॉस्पिटलात हेच काम केलंय, हाताला सवय आहे.

नवं एकच. गेल्या साली बॉयलरवर माणूस भाजला तेव्हा बोर्ड बंद पडलेला होता, दवाखान्याला फोन लागलाच नाही. तेव्हापासून दोन मैलांवर, फार्मवरच्या बंगल्यात, दुसरा बोर्ड बसवलाय. तो तासातासाला मला घंटी देतो. मी उचलून म्हणायचं, पहिला बोर्ड, मार्था, आहे. उत्तर नाही गेलं तर पाच मिनिटांनी पुन्हा घंटी. तिसऱ्यांदाही नाही, तर पहिला बोर्ड संपला असं धरून दुसरा बोर्ड काम स्वतःकडे घेतो. भिंतीवर नियमांचं कार्ड आहे. शेवटचा नियम असा, की सुटण्याआधी दिवसभराची नोंद दुसऱ्या बोर्डास वाचून दाखवावी, म्हणजे वेळ आली तर काम तिथूनच पुढं चालेल. मला हे फार आवडलं. कुणीतरी आपली जागा सांभाळायला बसलेलं आहे.

५ नोव्हेंबर, रविवार

लेकीचा, मरियाचा फोन आला. नगरच्या बोर्डिंगात मेट्रनबाई रविवारी तीन मिनिटं बोलू देतात. नऊ वर्षांची आहे, फोनवर आणखी लहान वाटते. उजवी वेणी तिची तिला येते, डावी येत नाही. म्हणून मी आधी तेच विचारते, आज डावी वेणी कुणी घातली? मग ती हसते आणि रडायचं विसरते. नाताळच्या सुट्टीला, तेवीस डिसेंबरला येणार आहे.

संध्याकाळी नोंद वाचताना मध्येच मरियाचं बोलून गेले. पलीकडच्या बाईंनी फोन ठेवला नाही. श्वास ऐकू येत होता. बरं वाटलं.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

इथं मला बोलायला कुणी नाही. नोंद दोन मिनिटांत संपते, मग मी इकडचं तिकडचं सांगत बसते. ती हं म्हणते. आज नाव विचारलं, सांगितलं नाही. लाजरी असेल. आवाज माझ्यासारखाच जरा बसका.

काल मी गिदोनच्या आजारपणाचं सगळं बोलून गेले. मरियाला झोपवताना मी तिच्या पाठीवर बोटानं तिचं नाव लिहिते, तेही सांगितलं. सख्ख्या बहिणीला सांगितलेलं नाही. पण ऐकणारं इतकं मन लावून ऐकत असलं की माणूस रितं होत जातं.

२६ नोव्हेंबर, रविवार

मरियाच्या बाप्तिस्म्याची गोष्ट सांगत होते. झबलं कोणत्या रंगाचं होतं ते मला आठवेना. तिनं सांगितलं. पिवळं. बरोबर होतं. मीच कधीतरी बोलले असेन.

६ डिसेंबर, बुधवार

ताप. दुपारी बोर्डावरच डोकं टेकलं. घंटी ऐकू येत होती, पण हात उचलेना. तीनदा वाजली. जागी झाले तर चाळीसही झडपा वर, एकही पडत नव्हती. बन्सीभाऊ सायकलवर फार्मवर गेले, तिथला खटका खाली ओढून काम परत इकडे आणलं.

संध्याकाळी डॉक्टरांची माफी मागायला गेले. ते म्हणाले, माफी कसली, दुपारभर तुम्हीच तर फोन जोडून देत होता.

१० डिसेंबर, रविवार

मरिया आज रडली नाही. वेणीचं विचारलं तर म्हणाली, रोज तेच काय विचारतेस. मी रविवारीच बोलते गं, म्हटलं. तर म्हणाली,

"नाही काही, बुधवारपासून तू रोज बोलतेस. म्हणून तर मला रडू येत नाही."

११ डिसेंबर, सोमवार

बन्सीभाऊंना विचारलं, दुसऱ्या बोर्डावर कोण बाई असते? ते हसले.

"बाई कुठली? जागा मंजूर हाय, मानूस भरलंच न्हाई. मशीन हाय तिथं. बॉयलर, दवाखाना, बंब, ऑफिस, येवडं आपोआप जोडतंय. बंगल्याला तर कुलूप असतंय."

मग मी नोंद कुणाला वाचून दाखवत होते? कार्ड मानूस बसनार हुता तवाचं हाय, म्हणाले. आमी कुनी वाचत न्हाई. मग आपणहून म्हणाले, बुधवारी गेल्तो तवा समद्यावर धूळ हुती, खुर्चीवर तेवढी नव्हती. पुढं हसले नाहीत.

१२ डिसेंबर, मंगळवार

नोंद वाचणं बंद केलं. घंटी आली की उत्तर द्यायचं आणि ठेवायचं. आज म्हटलं, पहिला बोर्ड, मार्था, आहे. पलीकडून माझाच आवाज आला.

"कोण?"

१७ डिसेंबर, रविवार

मरियाचा फोन नाही. मीच लावला. मेट्रनबाई गोंधळल्या, आपण कोण विचारलं. मार्था, मरियाची आई. त्या अगदी सभ्यपणे म्हणाल्या की मरियाची आई दुसऱ्या फोनवर आहे, मुलगी बोलतेय तिच्याशी. ठेवला.

२० डिसेंबर, बुधवार

झडपा पडत नाहीत. लोक बोलतात, माझ्याकडून नाही. डॉक्टर वाटेत भेटले, म्हणाले, फार्मवर बदली झाली ना तुमची? दोन्हीकडे मार्था. काम एकीकडूनच चाललंय.

ती काही चोरत नाही. मीच दिलं. रोज, थोडं थोडं.

२२ डिसेंबर, शुक्रवार

बोर्डिंगाचं कार्ड आलं. आपल्या सांगण्याप्रमाणे मरियाला उद्या दुपारी फार्म फाट्यावर उतरवू. बेलापूरला नाही.

उद्या खुर्ची सोडली तर तीन घंट्या चुकतील. मग नियमानंच सगळं तिचं. होऊ दे. बोर्ड ने, नाव ने. मुलगी नाही —

२३ डिसेंबर, शनिवार

फाट्यावरून एस.टी. निघून गेलेली. फुफाट्यात लहान पावलं, बंगल्यापर्यंत. परतीची नाहीत.

पायरीवर बसून लिहितेय. कुलूप बाहेरून, गंजलेलं. आत मरिया हसतेय. डावी वेणी कुणी घातली, कुणी तरी विचारलं — मी नाही विचारलं —

दार वाजवलं. आतून माझाच आवाज, "कोण?"

मार्था आहे, म्हणाले.

"मार्था आत आहे."

पाच मिनिटांनी पुन्हा वाजवलं. मरियाच बोलली, आई, बाहेर कुणी बाई आहे. ती म्हणाली, कुणी नाही गं, वारा आहे.

ओरडले. आवाज निघाला नाही. तिच्याकडे आहे तो.

पाठीवर लिहायचे ते नाव — बोट फिरतंय पायरीवर — म, मग काय —

पाच मिनिटं होत आली. आता तिसऱ्यांदा. मरियानंही ओळख दिली नाही तर नियमाप्रमाणे मी संपले असं धरून —